पट्टी लावून खोडलेला तांबट

प्रिय मामा,

आज सकाळी रंकाळ्याच्या कडेनं चाललो होतो, तर झाडावर तांबट पक्षी बोलला. टुक, टुक, टुक. या वर्षीचा पहिला! सवयीनं फोन काढला, तुमचं नाव शोधलं, आणि मग आठवलं. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्ही गेलात तेव्हा जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दर रविवारी झाडं बघत मला गावभर फिरवायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "हे बेनं शाळेत टिकलं न्हाय, झाडाखाली किती टिकतंय बघू." सगळे हसायचे. मीपण. कशाला ओ असं बोलायचा?

पण तुमच्या नोंदींच्या वहीत न्याय होता. पहिला मोहर, पहिली पालवी, पहिला पळस, पहिला तांबट. आधी बघेल किंवा ऐकेल त्याचं नाव. फुलाची नोंद असेल तर खाली पडलेलं फूल आणून दाखवायचं. तोडलेलं चालायचं नाही.

गेल्या वर्षी तुमचे पाय सुजले. म्हणालात, "नदीच्या वाटंवरची काटेसावर फुलली का बघून ये." निघालो होतो मामा, शपथ! वाटेत एकजण मोटरसायकलमागं म्हशी पळवत होता. शिंगं रंगवलेली, काय पळत होत्या! बघत बसलो, ऊन चढलं. मग मैदानाजवळच्या दुसऱ्याच सावरीचं फूल तोडून तुमच्या हातात ठेवलं.

"फुललीया?"

"लालभडक!"

एरवी फूल तोडलेलं तर नाही म्हणून आधी देठ बघणारे तुम्ही, त्या दिवशी बघितला नाहीत.

संध्याकाळी शेजारचा दादू सुतार आला. "मामा, तुमची सावर गेली ओ. रस्त्यासाठी परवाच कापली."

"गप ए! भाच्यानं आज फूल आणलंय तिचं."

"मग भाच्यालाच इचारा की."

तुम्ही विचारलं नाहीत. त्याला हाकललंत. मी तोंड उघडायला नको होतं? मी दादूकडं बघून चक्क हसलो, जणू तोच खोटं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीवर मागं बसलात. पंक्चर आहे, ऊन आहे, सगळं सांगून बघितलं. सावरीच्या जागी परातीएवढा बुंधा होता, अजून ओला. त्यावर बसलात. शिव्या द्याल वाटलं. "चल," एवढंच. येताना माझा खांदा धरला नाहीत, गाडीची कडी धरलीत. पंधरा दिवसांत गेलात.

तेराव्याला वही उघडली. माझ्या नावाच्या सगळ्या नोंदी खोडलेल्या! पाच वर्षांच्या, पट्टी लावून, सरळ. सावर खोडायचीच होती. पण तांबट? तो मी खरंच आधी ऐकला होता. "कान तरी हायत म्हणायचे," म्हणाला होतात तुम्ही! तो का खोडलात? मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

आज वही घेऊन सावरीच्या जागेवर गेलो. आता डांबर आहे, बुंधाही नाही. तुमच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: "काटेसावर. नाही. स्वतः बघितलं." हेच तेव्हा येऊन सांगायचं होतं.

तांबट लिहिला नाही. ऐकताना मी एकटाच होतो, आणि माझ्या एकट्याच्या शब्दाचं काय झालंय ते वहीत दिसतंच आहे.

उद्या दादूच्या दारात जाईन. आधी माफी मागेन. आला तर रंकाळ्यावर नेईन, आणि त्याला ऐकू आला तर त्याच्या नावानं लिहीन. वचन.

तुमचा खोडलेला भाचा,
संत्या