आण्याला एकटी आलेली बाई

आणे, ता. जुन्नर
४ ऑगस्ट २०२५

चि. दादाभाऊस आक्काचे पुष्कळ आशीर्वाद. उरतील ते राघूला.

पोचले त्याला चार दिवस झाले. फोन मुद्दाम तुझ्या कपाटात ठेवून आले, त्यामुळे आता कागद आणि जानकू कंडक्टर. नारायणगावच्या गाडीवर असतो. तुझ्या चौकातल्या टपरीवर पत्र टाकीन म्हणाला.

चौतीस वर्षं पुण्याच्या कचेरीत बारनिशीत बसून दुसऱ्यांची पत्रं आवक-जावक केली. निवृत्त झाल्यावर एकटीनं कुठे जावं म्हटलं, तर लेण्याद्रीला रांग, शिवनेरीला सेल्फी आणि श्रावणात भीमाशंकरला माणसाला माणूस चिकटलेलं. आण्याला मात्र यात्रा सोडली तर कुणी फिरकत नाही. म्हणून हेच निवडलं.

सावळेराम आणि इंद्रायणी या आपल्यातल्याच जोडप्याकडे खोली मिळाली आहे. चाळीस मेंढरं, एक मुलगी, नाव प्रतिभा. काय काम काढलंत, असं त्यांनी विचारलं. काही नाही, नुसती बसायला आले, असं मी सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहात दूध वाढलं.

दुसऱ्याच दिवशी एका मेंढीनं माझ्या चष्म्यावर पाय दिला. उरलेल्या एका काचेवर पत्रापुरतं भागतं, बारीक काही दिसत नाही. तेव्हापासून प्रतिभा मला पेपर वाचून दाखवते, सुई ओवून देते, पठारावर पायवाट निसरडी म्हणून माझ्या पुढे चालते. गुणी पोर. बडदास्त अशी आहे की मला संशय यायला लागलाय.

लोभ आहेच. फार वाढवू नये, शांतता मोडेल.
आक्का


वारूळवाडी
६ ऑगस्ट

ती. स्व. आक्कास दादाभाऊचा शि. सा. न. वि. वि. डोकं खरंच टेकलंय, फक्त टेबलावर.

तुला शांतता मिळाली, आमची गेली. बहिणीला घराबाहेर काढलं का, असं अर्धी वारूळवाडी विचारते. तुझ्या भावजयीनं, आशानं, वैतागून सांगितलं की आक्का औषधपाण्याला गेल्यात. आता उरलेली अर्धी विचारते, आजार कसला. एकट्या बाईनं फिरायला जाणं हा आजार आहे, असं मी सांगणार होतो, पण आशा शेजारी उभी होती.

तू तिथे पठार बघ. मी इथे लेकाचं, राघूचं, वय बघतो. बत्तीस पूर्ण. तीन वर्षांत एकवीस स्थळं. प्रत्येकाला जावयाची शेती हवी, पण जावई शेतात नको. आमच्या टोमॅटोला मुंबईहून मागणी येते, राघूला मंचरहूनसुद्धा येत नाही. शनिवारी राखीला तरी ये.

येणार नाहीसच, तरी कृपा असू दे.
दादाभाऊ


आणे
९ ऑगस्ट

चि. दादाभाऊस आशीर्वाद, सोबत राखी. आशाकडून बांधून घे आणि तिलाच ओवाळणी दे.

काल मला कळलं की मी इथे फिरायला आलेलीच नाही. मी मुलगी बघायला आले आहे.

आपल्यात बोलणी लावण्याआधी घरातली एखादी जाणती बाई काहीतरी निमित्त काढून मुलीकडे राहून येते, हे मी विसरले होते. हे लोक विसरले नव्हते. त्यात मी प्रतिभाला वाचायला लावलं, म्हणजे अक्षरओळख पाहिली. सुई ओवायला लावली, म्हणजे नजर पाहिली. पुढे चालवलं, म्हणजे पाय पाहिले. मेंढीनं चष्मा फोडला आणि मी मुलाकडची आत्याबाई झाले.

मलाही हसू आलं असतं, पण काल पोरगी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी पास का नापास ते एकदा सांगून टाका. म्हंजी मला पुन्याला जाता यील."

तिचा नर्सिंगला नंबर लागलाय. चौदा तारखेच्या आत अस्सल कागद घेऊन स्वतः हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पाहुण्यांचा निरोप येईपर्यंत शिक्षणाचं नाव काढायचं नाही, म्हणून बापानं कागद पेटीत टाकलेत.

मी सावळेरामना स्पष्ट सांगितलं की मी कुणाकडूनही आलेले नाही. ते समजूतदारपणे हसले. म्हणाले, "आसं कुनी कबूल करतं व्हय, आक्का?" मी नाही म्हणते तसतसं भाकरीवरचं तूप वाढतंय.

लोभ कमी झाला तर तूर्त मला चालेल, तूप झालं तर बरं.
आक्का


वारूळवाडी
१० ऑगस्ट

ती. स्व. आक्कास साष्टांग नमस्कार, यावेळी देवाला घालतात तसा.

तू नाही म्हणू नकोस. हो पण म्हणू नकोस. चौदा तारखेपर्यंत फक्त गप्प बस. त्यासाठीच तर गेली होतीस. तारीख टळली की मुलगी घरीच आहे आणि मुलगाही घरीच आहे. सोबत राघूचा फोटो आणि बायोडाटा. फोटो जुना आहे, पण ट्रॅक्टर नवा आहे.

तुला हा हलकटपणा वाटेल. थोडा आहेच. पण राघू हल्ली कुणाच्या लग्नात जेवायला थांबत नाही. आम्हाला मांडवात सोडतो आणि बाहेर गाडीत बसून राहतो. परवा मी त्याला हात धुताना विचारलं तर म्हणाला, पोट भरलंय. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

एवढं कर. जन्मभर तुझ्या ऋणात राहायला मी तयार आहे, राहतोच आहे.
दादाभाऊ


आणे
१२ ऑगस्ट

चि. दादाभाऊस आशीर्वाद. हे पत्र उभ्यानं वाच आणि चेहरा सांभाळ.

पत्र आणणारे गृहस्थ सावळेराम. मी शिळ्या भातानं पाकीट चिकटवलंय, त्यांनी उघडलं नसेल. राघूचा बायोडाटा मी त्यांना दाखवला आणि म्हटलं, मुलीच्या बापानंही घर बघून यावं, आंधळेपणानं निर्णय नको. रीतीला धरूनच बोलले. त्यांनी लगेच नवा फेटा काढला. उद्या पहिल्या गाडीनं निघतील.

ते आळेफाट्याला पोचेपर्यंत इंद्रायणी पेटी उघडेल. किल्ली तिच्याच कमरेला असते, फक्त कुणी आजवर तिला विचारलं नव्हतं. मग मी आणि प्रतिभा कागद घेऊन पुण्याची गाडी धरू. चारपर्यंत प्रवेश होईल, मग मी माझ्या पुण्यातल्या जुन्या खोलीवर थांबेन. तोवर त्यांना तुझ्याकडे बसवून ठेव.

सांगून टाकायचं असेल तर सांग. गाडी करून ते आम्हाला गाठतील, तेवढा वेळ आहे. पण मग राघूलाही सांग की बायको कशी मिळवली.

लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू ठरव.
आक्का


वारूळवाडी
१४ ऑगस्ट

ती. स्व. आक्कास नमस्कार. आधी पत्र आणणाऱ्या माणसाला पाणी दे, मग पुढचं वाच.

काल तुझं पत्र मी मोरीत जाऊन वाचलं. सांगूनच टाकायचं ठरवून बाहेर आलो. बाहेर सावळेराम राघूला सांगत होते की आजारी मेंढीला प्रतिभा स्वतः सुई टोचते, हात कापत नाही. सांगताना फेटा डुलत होता. सांगायचं सोडून मी पाणी विचारलं. राघूनं माझ्या हातातलं पत्र घेतलं, वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि पाहुण्यांना म्हणाला, चला, बाजार दाखवतो.

दुपारभर बाजारात फिरवलं, मीही मागोमाग. चार वाजता त्यानंच सगळं सांगितलं. म्हणाला, "राग माझ्यावर काढा. वडलांना बोलू नका, त्यांना वाईट वाटायची सवय न्हाई." सावळेराम टोमॅटोच्या क्रेटवर बसले. तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर प्रतिभाचा फोन आला. प्रवेश झाला म्हणाली. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग एवढंच विचारलं, "घोंगडं नेलं का?"

नेलं नव्हतं.

काल संध्याकाळी रागातच आण्याला परतले. आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही. आज सकाळी पाहतो तर दारात, खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. तुझा पुण्याचा पत्ता मागायला आले होते. मंचरच्या पुढे हा माणूस आजवर एकटा गेलेला नाही. राघू गाडी काढतो म्हणाला, तर म्हणाले, "तुमची आक्का एकटी आलीच ना आमच्यात? मंग मी बी जाईन."

होस्टेलपर्यंत तू सोबत जा. पण चार पावलं मागं राहा, त्यांना रस्ता सापडल्यासारखा वाटू दे.

राघू काल दोनदा जेवला. का ते मी विचारलं नाही.

लोभ होता, आहे, आणि तो तुझ्या परवानगीवर नाही.
दादाभाऊ