भरल्या गाडीतला शॉर्ट

५ फेब्रुवारी १९९०, सोमवार

आज माझ्याच ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर मार खाल्ला! कौतिकने पिकअप आडवी लावली, माझी कॉलर धरली आणि थोबाडीत दिली. "अन्वर, शनिवारी वायरिंग केलंस ना? धुळ्याला जाईस्तोवर तीनदा फ्यूज उडाला! भर हायवेला गाडी अंधारात!" ओठ फुटला. अर्धं पिंप्राळा बघत होतं. एकजणही पुढे आला नाही.

त्याचा ड्रायव्हर छगन खाली मान घालून उभा. डावा डोळा काळानिळा. वाटेत दर फ्यूजमागे त्याला एक तडाखा पडला म्हणे.

गाडी ठेवून घेतली.

६, मंगळवार

दिवसभर शोधलं. दिवे लावले, गाडी हलवली, ठोकली — फ्यूज शाबूत. स्विच खोलला, मागचे दिवे खोलले. काही नाही! ओठ ठणकतोय.

७, बुधवार

सापडला! छगन सहज बोलला — "रिकामी गाडी येस, तवय उडत नही भाऊ." म्हणजे भरलेली असतानाच उडतो! शेजारच्या बांधकामावरून वाळूची पोती आणून भरली. दिवे लावले. फट्! गेला फ्यूज. खाली घुसलो. माल जास्त बसावा म्हणून कौतिकने बॉडीखाली लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली आहे. वजन पडलं की ती मागच्या दिव्यांच्या वायरवर बसते. वायर सोलली गेली, तांबं उघडं, लोखंडाला लागलं की शॉर्ट. दोष माझा नाही!! पट्टी कापायलाच हवी.

८, गुरुवार

कौतिकला दाखवलं. "माझ्या पट्टीला हात लावायचा नाही." मी म्हटलं, मग गाडी देत नाही, जळेल ती. त्याने जॅकचा दांडा उचलला. उजव्या मनगटावर बसला — हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्याने फ्यूज काढून फेकला आणि त्या जागी तांब्याची जाड तार आवळली — ती तुटायची नाही, आता वायरच पेटणार. "घे! आता उडव!" केळी भरायला निघाला. छगनला म्हटलं, चढू नकोस. "नही चढनू तर घर यीसन मारी, भाऊ."

हाताला प्लास्टर. डाव्या हाताने लिहितोय. आज मी कौतिकच्या मरणाची दुआ मागितली.

९, शुक्रवार

जळाली. काल संध्याकाळी, एरंडोलच्या पुढे. दिवे लावून दहा मिनिटं झाली नसतील, डॅशबोर्डखालून जाळ. कौतिक स्वतः चालवत होता. छगन बाजूच्या दाराने उडी मारून सुटला. कौतिकचं दार फक्त बाहेरून उघडायचं. तो आतच राहिला.

दुपारी त्याचा भाऊ भाईदास चार माणसं घेऊन आला. "तुझ्या वायरिंगने मारलं त्याला!" दुकान फोडलं. बॅटऱ्या रस्त्यावर आपटल्या, ॲसिड सगळीकडे. माझी बायको साबेरा मध्ये पडली तर तिला ढकललं — तिचं कपाळ फुटलेलं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. डाव्या हाताने पाना फिरवला. एकाचे दात पाडले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग पोलीस आले.

१२, सोमवार

तीन दिवस ठाण्यात. आज छगनने जबाब दिला — तार कौतिकनेच घातली, अन्वरभाऊ नको म्हणत होते. जळक्या गाडीखालची पट्टीही दाखवली. मला सोडलं. फौजदाराने छगनला विचारलं, "तू बाहेर होतास, दार का नाही उघडलं?" जाळ फार होता साहेब, हँडल तापून लाल झालेलं — आणि रडला. सगळ्यांना पटलं. भाईदासलासुद्धा.

१३, मंगळवार

छगन आला. माझ्या प्लास्टरवरून हात फिरवला. मग हळूच बोलला — "मी हात लाया व्हता. हँडल गार व्हतं, भाऊ."