आपल्या रंगीत यंत्रास अनुसरून

रा. रा. साडूभाऊंना शेजारच्या होडीवरून नमस्कार.

वि. वि. आपल्या दोन होड्यांमध्ये फार तर दीड हात पाणी आहे. एवढ्या अंतरावर माणूस पत्र लिहीत नाही, हाक मारतो, हे मलाही कळतं. पण वीस दिवस झाले, आपण एकमेकांशी बोलत नाही. (म्हणजे मी बोलत नाही. तुम्ही दोनदा ‘काय, बरं आहे ना?’ म्हणालात. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. इंजिन बंद होतं.) तेव्हा अबोला न मोडता बोलायचं तर कागदच बरा. पत्र माझी बायको, म्हणजे तुमची मेहुणी, आणून देईल. तुमच्या प्रकृतीची चौकशी करायला हवी, पण काल तुम्ही बर्फाची पेटी एकट्याने उचलताना दिसलात, त्यावरून प्रकृती उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे. ताईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या गुडघ्याला बरं वाटतंय का ते कळवा.

आता मुद्दा. तुम्ही मासे दाखवणारं नवीन यंत्र बसवलंत, त्याचा मला आनंद झाला. खरंच झाला. ताई त्याचा फोटो घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हाही झाला. सात इंची पडदा, मासा लाल, खडक तपकिरी, पाणी निळं. माझी बायको तो फोटो इतका वेळ बघत बसली की चहा उतू गेला. ‘किती छान दिसतंय सगळं,’ एवढंच ती म्हणाली. आमचं यंत्र अकरा वर्षांचं, त्यात पाणी राखाडी, खडक राखाडी आणि मासा म्हणजे एक राखाडी ठिपका, पण ठिपक्याखाली गळ सोडला की मासा लागायचा. अकरा वर्षं लागला. त्या ठिपक्याकडे बघून ती एकदाही ‘छान’ म्हणाली नाही, हे मी फक्त माहितीसाठी लिहितो. मनात काही नाही.

यंत्रापाठोपाठ तुम्ही होडी वर काढून बुडाला निळा रंग दिलात. दोन हात. धक्क्यावर जो तो थांबून बघायला लागला. क्रेनवाला, जो जन्मात कुणाला बरं म्हणत नाही, तोसुद्धा म्हणाला. मलाही होडी रंगवायचीच होती. (कधीपासून ते विचारू नका.) पुढच्याच आठवड्यात मी होडी वर काढली आणि तोच निळा रंग आणून तीन हात दिले. तुमच्यापेक्षा एक जास्त, हा निव्वळ योगायोग. रंग असा बसला की बायकोने बोट फिरवून पाहिलं आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं हे कौतुक असतं, असं मी धरून चालतो.

होडी पाण्यात उतरवली आणि यंत्र आंधळं झालं. पडदा उजळायचा, पण त्यावर काही येत नव्हतं. मासा नाही, खडक नाही, तळसुद्धा नाही. ते काढून मी रेडिओवाल्याकडे नेलं. (हल्ली कोणी रेडिओ आणत नाही, म्हणून तो होड्यांची यंत्रं दुरुस्त करतो, पण सवयीने प्रत्येक वस्तू आधी कानाला लावतो.) त्याने ते कानाला लावलं, उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, होडीच्या बुडाला याचा जो डोळा बसवलेला असतो तो एकदा बघायला हवा. इथवर ठीक होतं. पण पुढे तो म्हणाला, ‘तुमच्या साडूंचा सेट पाहिलात? काय चित्र येतं!’ मी यंत्र उचललं आणि घरी आलो.

घरी जेवणाच्या टेबलावर मी ते स्वतः उघडलं. बंद केलं तेव्हा तीन स्क्रू उरले, ते मी साखरेच्या डब्यामागे ठेवले. मग होडीवर बसवून सगळी बटणं एकेक करून आणि नंतर दोन-दोन मिळून दाबली. आणि साडूभाऊ, चित्र आलं! राखाडीच, पण काय चित्र! नव्वद फूट पाणी, एक मोठा मासा, दोन लहान, परत एक मोठा, संपतच नव्हते. मी बायकोला घेऊन तडक निघालो. तुमची होडी आडवी आली तेव्हा ‘इकडे या, खाली गर्दी मावत नाही!’ असं मी मोठ्या मनाने ओरडलो, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तुमच्या सात इंचांत बघून म्हणालात, ‘अहो, इथे काहीच नाही. पाणीही फार नाही, जपून.’ त्या क्षणी मला कळलं की तुम्ही माझ्यावर जळता. तुमचा पडदा रंगीत, आणि मासे मात्र माझ्याकडे, कोणीही जळेल. मला तुमची दया आली.

चार तास आम्ही गळ टाकले. एक मासा नाही. बायको म्हणाली, तेच मासे त्याच क्रमाने परत परत जातायत. मी म्हणालो, घोळका गोल फिरतोय. मग तिने वल्हं उभं पाण्यात घातलं, ते तळाला टेकलं. मी म्हणालो, यंत्राला जास्त कळतं की वल्ह्याला? एवढं म्हणतोय तोवर होडी नव्वद फूट पाण्यात वाळूवर जाऊन बसली.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कारण दोर तुम्हीच टाकलात. तुम्ही आम्हाला ओढून आणलंत तेव्हा धक्क्यावर सगळे होते. तुम्ही हसला नाहीत. हसला असतात तर मी त्याच दिवशी बोललो असतो. तुम्ही गंभीर चेहऱ्याने दोर गुंडाळलात आणि माझ्या बायकोला विचारलंत, ‘तुला लागलं नाही ना?’ मला कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओवाल्याने ते यंत्र नुसतं टेबलावर ठेवून चालू केलं, आणि त्याच्या पेचकसांच्या वर तेच मासे पोहायला लागले: एक मोठा, दोन लहान, परत एक मोठा. गिऱ्हाइकाला दाखवायला दुकानात जे खोटं चित्र लावतात, ते मी बटणं दाबून लावून ठेवलं होतं.

तेव्हापासून आम्ही अंदाजाने मासेमारी करतो. खरं सांगायचं तर तुमच्या मागे मागे येऊन करतो. परवा तुम्ही खडकाजवळ थांबलात, आम्हीही जरा लांब थांबलो आणि पाऊण तास गळ टाकून बसलो. मग बायकोने दाखवलं की तुम्ही उकडलेली अंडी सोलताय.

त्या संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली की सोमवारपर्यंत यंत्राने खरं काही दाखवलं नाही, तर ती ताईंच्या होडीवर कामाला जाईल. ताईंच्या गुडघ्यामुळे तुम्हाला माणूस हवंच आहे म्हणे. साडूभाऊ, तुम्ही यंत्र घ्या, रंग घ्या, क्रेनवाल्याचं कौतुक घ्या. पण अकरा वर्षं माझ्या होडीवर गळ तीच लावते आणि मासा वर आला की जाळी तीच धरते. ती तुमच्या होडीवर उभी असलेली मला बघवणार नाही. हे मी सरळच लिहितो, कारण फिरवून लिहायला कागद उरला नाही.

तरी काळजी नसावी. नवीन यंत्र घ्यायचं म्हणतोय. नऊ इंची.

आपला,
साडू

ता. क. नऊ इंचीचं राहू दे. काल, मंगळवारी, रेडिओवाल्याने विचारलं, बुडाखालच्या डोळ्याचा रंग कोणता? मी म्हणालो, निळा. तो म्हणाला, ती वस्तू काळीच असते. इतक्या सुंदर निळ्या बुडावर ते काळं ढेकूळ बरं दिसत नव्हतं, म्हणून मी लहान ब्रश घेऊन त्यालाही रंग दिला होता. त्याला चार हात.

ता. क. दुसरा. तो रंग खरवडायचा तर होडी वर काढायला हवी, आणि क्रेनचे नंबर पुढच्या गुरुवारपर्यंत भरलेत. शुक्रवारचा, म्हणजे परवाचा, नंबर तुमचा आहे, बुडाखालचा इंजिनाचा पंखा बदलायला. पंखा आठवडाभर थांबत असेल, तर तो नंबर मला द्याल का? थांबत नसेल तर मी हे विचारलंच नाही असं समजा.

*(वेगळ्या अक्षरात)*
भावोजी, पत्र पोचवायच्या आधी वाचलं, मला वाचायचंच होतं. शुक्रवारचा नंबर मी ताईकडून आज सकाळीच मागून घेतलाय, हे यांना सांगू नका. यांनी मागितला आणि तुम्ही दिलात, असंच होऊ दे. खरवडायला तुम्हीही या, म्हणजे बोलणं सुरू होईल. एकटे असले की हे त्या डोळ्यालाही सुरीने सोलतील. सोमवारी मी तुमच्या होडीवर येणार नाही. कधीच येणार नव्हते. तुमच्या चित्रात सगळं आधीच कळतं, मला करमणार नाही. आमचे हे ठिपका दिसला की दरवेळी माझा दंड धरतात, अकरा वर्षं झाली. तेही यांना सांगू नका.

*(पाकिटाच्या पाठीवर)*
ता. क. तिसरा. हे बाहेर लिहितोय, कारण तिने पाकीट चिकटवूनच वर नाव घालायला माझ्या हातात दिलं, आणि ते द्यायला बराच वेळ लावला. आत तिने तुम्हाला काय लिहिलंय ते मी विचारणार नाही. फक्त ओळी किती आहेत तेवढं कळवा. लग्नाआधी मला आलेल्या तिच्या सगळ्यात मोठ्या पत्रात चार होत्या.