डावखुरी रायफल

३ नोव्हेंबर, सोमवार

बंदूक नाही, रायफल म्हणायचं! सुनीती मॅडमनी पहिल्याच तासाला दुरुस्त केलं. चौतीस वर्षं वृत्तपत्रात बसून मी लोकांची वाक्यं दुरुस्त केली. आता माझी पाळी.

वारज्याची रेंज छोटीशीच. दहा मीटरवर कागदाचं कार्ड, साबुदाण्याएवढे छर्रे. निवृत्तीनंतर असं काहीतरी हवं होतं, ज्यात मागे उभं राहून कोणी ‘झालं का, झालं का’ करत नाही.

घरी नवरोबा इम्तियाज म्हणाला, “शकीला, कबुतरांना आधी नोटीस दे.”

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी डावखुरी. क्लबच्या चारही रायफली उजव्या हाताच्या. मान वाकडी करून नेम धरायचा – रात्रभर ठणकते.

१४ डिसेंबरला ज्येष्ठांची स्पर्धा आहे. नाव देऊन टाकलं. एकोणसाठाव्या वर्षी पहिली स्पर्धा! हसू येतंय, पण हवीच आहे मला. त्याआधी स्वतःची रायफल हवी.

९ नोव्हेंबर, रविवार

कँपात तौफिकच्या दुकानात गेले. त्याने सगळ्यात हलकी पुढे केली. “लेडीजना हीच बरी, मॅडम.” तिथूनच सुनीती मॅडमना फोन लावला. “अहो, हलकी रायफल जास्त हलते. खांद्याला बसते का बघा. दिसायला कशी आहे ते राहू द्या.”

डावखुरी नाहीच त्याच्याकडे. बाहेरून मागवायला सहा महिने. निघताना त्याने वाघोलीतला एक नंबर दिला – कोणीतरी वापरलेली डावखुरी विकतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

घेतली!

वाघोलीला पोचायलाच दीड तास. विकणारे पुष्कर – मुलीची रायफल. “बारावी आहे. आता हे लाड बंद.” मुलगी, अवनी, आतून केस घेऊन आली. तीही डावखुरी. तिने पाना घेतला, दस्ता माझ्या खांद्याच्या मापाने कमी केला, गालाची पट्टी वर केली. “आता बघा, काकू.” गाल टेकवला आणि काळं वर्तुळ समोर स्थिर उभं!

केसच्या कप्प्यात माहितीपुस्तिका वगैरे आहे. वाचू सावकाश.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दहा गोळ्यांत ८१. क्लबच्या रायफलीवर सत्तरी ओलांडली नव्हती.

तरी मॅडम नाखूश. “शकीलाताई, छापखाना खोळंबलाय का तुमचा?” नेम डळमळला तरी मी गोळी सोडतेच. वेळ झाली की मजकूर द्यायचा, बरा असो वाईट असो – बोटाला तीच सवय. “डळमळलं की खाली ठेवा. पुन्हा उचला. न सोडलेली गोळीही शिकवते.”

२५ नोव्हेंबर, मंगळवार

माहितीपुस्तिका नाही ती. तपकिरी कव्हर घातलेली वही. अवनीची.

रोजचे गुण, आणि खाली एकेक ओळ. ‘९४. श्वास चुकला.’ ‘९७! बाबांनी विचारलं नाही.’ सप्टेंबरनंतर कोरी पानं. पुढे एका पानावर आधीच तारीख घालून ठेवलेली –

‘१ जून २०२६. परत सुरू. पहिले दहा दिवस नुसती धरायची.’

२६ नोव्हेंबर, बुधवार

इम्तियाजला वही दाखवली. “सौदा झालाय. वही परत कर, रायफल तुझी.” बरोबरच आहे.

पण चौतीस वर्षं दोन्ही बाजू विचारल्याशिवाय बातमी सोडली नाही. वाघोलीत तासभर बसले, मुलगी समोर पाना फिरवत होती, आणि तिला एक प्रश्न विचारला नाही. मला १४ डिसेंबर दिसत होता.

आज रेंजवर तीनदा रायफल उचलली, तीनदा खाली ठेवली. गोळी एकही नाही. मॅडम पहिल्यांदाच “छान” म्हणाल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पुष्करना फोन केला. “अहो ताई, रायफल घरात दिसली की तिचं अभ्यासात लक्ष लागत नाही. जूननंतर बघू, असं म्हटलंय मी तिला.”

“रायफलच नसेल तर जूनमध्ये काय बघणार?”

पुष्कर म्हणाले, “तुम्हाला नकोय का?”

“हवीये. म्हणूनच फोन केला.” शेवटी असं ठरलं – परीक्षा होईपर्यंत मी सांभाळायची, वापरायची. १ जूनला वाघोलीला परत. तौफिककडे माझी नवी नोंदवली. सहा महिने. ही ९ तारखेलाच मागवली असती तर! असो.

फोन ठेवल्यावर खांदा उगाच हलका वाटला. नको होता तसा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अवनीचा मेसेज. ‘थँक्यू काकू. वही मी मुद्दामच ठेवली होती. घेणारं माणूस पेपरातलं आहे म्हणून बाबा म्हणाले होते. वाटलं, वाचतील.’

मी नऊ दिवस उघडली नव्हती. आणि तिने एकदाही फोन केला नाही – नुसता नेम धरून बसली होती.