आश्विनातली पिल्लं

भिंगार, नगर
११ जानेवारी १९४९

प्रिय सहादेव,

तुला सलाम आणि राहीआईंना पायांपाशी बसून सलाम. इकडे सगळं ठीक आहे. दीनाचा खोकला गेला. छावणीतलं माझं काम सुटल्याचं तुला ठाऊकच आहे. कर्नलसाहेब विलायतेला गेले, उरलेली कुत्री पुण्याच्या कुणा साहेबानं नेली, आणि सोळा वर्षं कुत्र्यांच्या अंगाचा वास घेऊन घरी येणारा मी आता मिशनच्या बागेत वाफे करतो. दीना म्हणते, आता तुम्ही माणसासारखे दिसता. थंडी फार आहे. तानीच्या मागच्या पायांना तेल लावत असशीलच. तिच्या फुटक्या डोळ्यातून गारठ्यात पाणी येतं, तेवढं कोमट फडक्यानं पूस.

तानीचं नाव लिहिलं आणि हात थांबला. साहेबांच्या वहीत ती टॅन्सी होती. राहीआईंना ते म्हणता येईना, म्हणून ती तानशी झाली आणि मग तानी. माझ्या हाताखाली पंधरा-वीस टेरियर वाढली, पण बिळात शिरताना एकदा मागं वळून माझ्याकडे बघायची ती एकटी तानीच. खोकड बिळात शिरलं की टेरियरनं आत जाऊन भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं, मग माळावर साहेबांचे घोडे त्याच्यामागं. दसऱ्यापासून नाताळपर्यंत आमचा हा उद्योग. पुढं माघ-फाल्गुनात खोकडी व्यायच्या, तेव्हा साहेब स्वतःच शिकार बंद ठेवायचे. पिल्लांपाशी बसलेली मादी बीळ सोडत नाही, तोंडासमोर येईल त्याला फाडते. आणि टेरियरची जातच अशी, की माघारी फिरायचं तिला कळत नाही.

लढाई संपली त्या सालचं दसऱ्यानंतरचं मी सांगतोय. आठ दिवसांत माझी दोन कुत्री नाकं फाडून घेऊन बाहेर आली होती. साहेब विचारत, मोझेस, यंदा खोकडं बाहेर का पडत नाहीत? मी म्हणे, पाऊस उशिरापर्यंत झाला, जमीन ओली आहे, साहेब. मग आम्ही तुमच्या माळावर आलो. तुझी पाभर जुंपलेली होती, ज्वारीची पेरणी चालू होती. तुझ्या बांधातलं बीळ मी साहेबांना दाखवलं आणि राहीआई डोक्यावरचा भारा खाली टाकून आडव्या आल्या. त्यांचे शब्द अजून माझ्या कानात आहेत. "आरं, कुत्री नगं घालू. खोकडी व्यालीया. काल दिस मावळताना चार पिल्लं खेळत हुती, म्या डोळ्यानं बघितली. यंदा उंदीर लई माजल्यात, पोटं भरल्याली हायत, म्हून अवेळी व्याल्यात." सारा गाव भोवती गोळा झालेला. साहेबांनी मला विचारलं, ही काय म्हणते? आणि मी हसून सांगितलं, म्हातारी मांजराची पिल्लं बघून घाबरली आहे. साहेब हसले. मग मी तेच गावाला मराठीतून ऐकवलं, "आजी, आश्विनात कधी खोकड व्यालंय का? मांजराची असतील." गावही हसला. तू हसला नाहीस. पाभरीवर हात ठेवून नुसता उभा राहिलास.

तानी आत गेली. घटकाभर तिचं भुंकणं जमिनीखालून येत होतं, मग एकदा किंचाळली, मग काहीच नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला म्हणाले, दोन दिवस खणून बघ, नाहीतर सोडून दे. आणि निघून गेले. माझ्याजवळ एक कुदळ तेवढी होती. तेव्हा तू बैल सोडलेस. रानात ओल होती ती दोन दिवसांची, हे तुझ्याइतकं मलाही कळत होतं. तू फावडं आणलंस आणि बापानं घातलेला बांध स्वतःच्या हातानं फोडायला लागलास. त्या सालची तुझी ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही, सहादेव. मी संक्रांतीला आलो तेव्हा ती पाहिली आणि तिच्याकडे पाठ करून तानीशी खेळत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषभर खोलीवर तानीचं शेपूट दिसलं. दगडाखाली अडकलेली, अर्धा जबडा फाटलेला, एक डोळा गेलेला, पण छाती हलत होती. तिला तू काढलंस. तिच्यामागं कोपऱ्यात खोकडी बसली होती, मांजरीएवढी, रक्तानं माखलेली, आणि तिच्या पोटाखाली चार पिल्लं. मी कुदळ उचलली. राहीआई भाकरी घेऊन आल्या होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "तुजी कुत्री तिच्या घरात गेल्ती, मोझेस. ती न्हाई आली तुज्या घरात." मग त्यांनीच तोंडाशी दगड रचले, खोकडीला निघायला फट ठेवली. तिसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं, पिल्लं घेऊन ती गेली होती.

तानी पुन्हा कामाची होणार नव्हती, आणि अशा कुत्र्याला साहेब गोळी घालत. मी तिला मांडीवर घेऊन रडत होतो. तुझी आई म्हणाली, "मेली म्हून सांग जा. हिला मी सांभाळते." आदल्या दिवशी ज्यांना मी साऱ्या गावासमोर खुळ्यात काढलं त्या माउलीनं कापूस जाळून तिच्या जखमेत भरला, महिनाभर शेळीच्या दुधाच्या चिंध्या तिच्या तोंडात पिळल्या. मी साहेबांना सांगितलं, माती ढासळून कुत्री मेली. आणि साहेबांना आणि गावालाही आणखी सांगितलं, बीळ रिकामं होतं, पिल्लं वगैरे काही नव्हतं. मी असं का सांगितलं, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. आज न विचारता सांगतो.

तुमच्या गावी येण्याच्या चार दिवस आधी भिंगारच्या माळावर कुत्र्यांनी एक खोकडी मारली होती. मी ती उचलली तेव्हा माझी बोटं ओली झाली. दूध होतं. मला तेव्हाच कळलं, की यंदा सगळं उलटं झालंय, ह्या अवेळी व्याल्या आहेत आणि म्हणूनच माझी कुत्री फाटून येतायत. साहेबांना सांगितलं असतं तर शिकार त्याच दिवशी बंद झाली असती. पण साहेबांचा तो शेवटचा हंगाम असं छावणीत बोललं जात होतं, पुण्याचे पाहुणे यायचे होते, आणि त्यांच्या शिफारशीची चिठ्ठी मला हवी होती. मी खोकडी ओढ्यात फेकली आणि हात धुतले. राहीआई खरं बोलतायत हे त्या माळावर एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि त्यानंच त्यांना खोटं पाडलं. तानीचा डोळा खोकडीनं नाही घेतला, मी घेतला.

हे सगळं मी स्वतः येऊन तुझ्या कानात सांगू शकलो असतो. पण गेल्या आठवड्यात पारनेरच्या बाजारात तुमच्या गावचे दोघं जण गप्पा मारत होते. एकानं काही थाप मारली, तर दुसरा म्हणाला, "हे राहीबाईचं खोकाड झालं की!" आणि दोघं हसले. मी विचारलं तेव्हा कळलं, की तीन वर्षं तुमच्या गावात खोट्या गोष्टीला हेच नाव आहे, पोरंसुद्धा आईंना वाटेत तसं चिडवतात. तीन वर्षं मी तुझ्या घरी जेवून गेलो, तानीला कुरवाळून गेलो, आणि तुम्ही माय-लेकरांनी मला हे कळू दिलं नाही. माझी नोकरी आणि माझी कुत्री राहावी म्हणून तू आईची थट्टा गिळलीस आणि तिनं ती सोसली. हे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत, पण जे मोडलं ते मी मोडलंय, तेवढं तरी मीच सांधलं पाहिजे. सहादेव, तुला वाचता येत नाही, म्हणूनच मी हे पत्र लिहिलंय. हे शाळेतल्या काकासाहेब मास्तरांकडे दे. त्यांनी ते चावडीसमोर, सगळे जमलेले असताना, मोठ्यानं वाचावं. आईंना पुढं बसव. आणि मास्तर, तुम्हाला एवढीच विनंती, पुढची ओळ दोनदा वाचा: राहीबाईंनी पाहिली ती खोकडाचीच पिल्लं होती, आणि ती चार होती.

तुझाच,
मोझेस