अलिदाशिवायची गोझ

गुरुवार, ९ जानेवारी

ग्रिटचा फोन. पोरगी थेट मुद्द्यावर — आई गेली, आता ती बिअरची पिंपं कशाला सांभाळता, देऊन टाका एखाद्या मोठ्या कारखान्याला आणि गेंटला या माझ्याकडे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एक, दोन आणि तीन वर्षांची आंबट बिअर मिसळून यंदाची गोझ लावतो, सर्वसंतांच्या दिवशी आईच्या कबरीवर येशील तेव्हा चाखून बघ. आईच्या तोडीची नसली तर पिंपं विकतो.

बोलून तर बसलो!

बाटलीवर नाव माझं, पण नाक अलिदाचं, ग्रिटच्या आईचं, होतं. बत्तीस वर्षांपूर्वी बुरशी मारायला रिकाम्या पिंपात गंधकाची वात पेटवताना वाकलो आणि धूर छातीभर आत गेला. तेव्हापासून वास नाही, आणि चव म्हणाल तर सगळं नुसतं आंबट. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती चाखायची, मला हळूच कोपराने ढोसायची, आणि मी पाहुण्यांसमोर जाणकारासारखी मान डोलवायचो.

शुक्रवार, १० जानेवारी

एकट्यासाठी बटाटे किती उकडायचे ते अजून कळत नाही. आजही चार उरले.

गुरुवार, १६ जानेवारी

युक्ती सुचली. गुस्तला बोलावलं. शाळेपासूनचा दोस्त, चाळीस वर्षं चर्चसमोर गुत्ता चालवला, अख्खा गाव त्याची जीभ मानतो. गुत्ता बंद केल्यापासून तोही घरात पडून असतो. म्हटलं, दर गुरुवारी सोबतीला येत जा, थोडं थोडं चाखू. तोंडाने काहीच विचारायचं नाही, फक्त त्याचा चेहरा वाचायचा. आलाही लगेच, इस्त्रीचा सदरा घालून!

पहिल्या तीन पिंपांना ढिम्म. सातव्याला मान हलली. मी मनात नोंद केली. तिथे पिंपाशेजारी अलिदाचं पालथं खोकं अजून तसंच आहे. ती त्यावर बसून पाय चोळायची. मला ते हलवणं होत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

ग्रिट आली ती झाडू घेऊनच. पिंपांवरची कोळिष्टकं काढायला निघाली! मी अक्षरशः आडवा उभा राहिलो. कोळी गेले की माश्या आल्या, माश्या आल्या की पिंपातल्या मालाचा व्हिनेगर झाला. या घरात वाढलेली पोर! "बाबा, तुम्ही या जाळ्यांतच अडकून पडणार," म्हणाली. संध्याकाळच्या गाडीने गेली. झाडू इथेच राहिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गुस्त आज रंगात होता. म्हणाला, मठातल्या साधूंना एकटं राहायची सवय असते म्हणून त्यांची बिअर गोड, आपली आंबट. खूप हसलो. तो गेल्यावर मात्र स्वयंपाकघरात नुसतं घड्याळ ऐकत बसलो.

एक वर्षाचं चौथं, दोन वर्षांचं सातवं, तीन वर्षांचं बारावं. तिन्हींना त्याने मान हलवली. चाखताना तो पेल्याकडे बघतच नाही, माझ्याकडे बघतो. संशय आला की काय?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तिन्ही पिंपांतला माल मिसळून बाटल्या भरल्या. गुस्तने बुचं मारली. सगळ्या आडव्या रचून प्रत्येकीच्या वरच्या अंगाला चुन्याची पांढरी रेघ ओढली, म्हणजे उचलताना तीच बाजू वर राहते आणि गाळ हलत नाही. हे काम अलिदाचं. तिची रेघ सरळ यायची, माझी वाकडीतिकडी आली.

आता बुचाआड काय चाललंय ते देवाला ठाऊक. मला तर वासही येत नाही.

रविवार, १५ जून

रेडिओवर कबुतरांच्या शर्यतीचा निकाल. आज दिवसभर कुणाशी शब्द नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

उकाडा. मागच्या रांगेतल्या दोन बाटल्या फुटल्या. जमिनीवर गुडघे टेकून वास घ्यायचा प्रयत्न केला. मूर्खपणा! अलिदा, फार एकटा पडलो गं.

शनिवार, १ नोव्हेंबर

कबरीवर पिवळी शेवंती ठेवली. घरी येऊन ब्रेड, ताजं चीज, मुळ्याच्या चकत्या. बाटली टोपलीत आडवीच आणली, रेघ वर. बूच फट्‍कन उडालं. ग्रिटने एक घोट घेतला आणि पेला खालीच ठेवीना.

"आईचीच आहे ही," म्हणाली. डोळे पुसले. "नका विकू बाबा."

रविवार, २ नोव्हेंबर

गुस्तकडे गेलो. सगळं कबूल केलं — गंधक, नाक, बत्तीस वर्षांचं सोंग. म्हटलं, तुझ्या जिभेने वाचवलं रे मला.

तो टेबलावरचे ब्रेडचे तुकडे गोळा करू लागला. मग म्हणाला, "रेमी, दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, तेव्हापासून मला कसलीच चव नाही. सांगितलं असतं तर तू गुरुवारी बोलावलंच नसतंस. ज्या पिंपावर तुझा हात रेंगाळायचा, त्याला मी मान हलवायचो."

चौथ्यावर अलिदाने खडूने काढलेली फुली आहे. सातव्यापाशी तिचं खोकं. बाराव्याला टेकून ती मला हाक मारायची.