डोकं भादरायला कोणी मरावं लागत नाही

चि. तोताराम यास, तुझ्या थोरल्या बहिणीचा, झुंबरअक्काचा, पोटभर आशीर्वाद आणि तेवढाच राग.

इकडे माझा लेक चंदन, कामिनी, म्हैस आणि केळीचा बाग, सगळं ठीक आहे. तुझी खुशाली विचारत नाही. ती योगराजने फोनवर सांगितली, आणि बापाच्या तब्येतीविषयी पोरगा बापापेक्षा खरं बोलतो. हे पत्र माझी सून कामिनी लिहिते आहे. मी बोलते आपल्या अहिराणीत, ती लिहिते शाळेतल्या मराठीत. मी ‘शे’ म्हटलं की ती ‘आहे’ करते, आणि तिच्याविषयी काही बोलले की पेनच थांबवते. (आत्ता थांबवलं.) अक्षर हललेलं दिसेल. त्याचं कारण शेवटी कळेल, मधेच पान उलटून बघू नकोस. फोनवर तू ‘रेंज नाही’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हा कागद. जन्मभर पोस्टात नोकरी केलेला माणूस हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, एवढं मला अक्षरओळख नसूनही माहीत आहे. ओळी दोन-दोन दिसत असतील तर योगराजला वाचायला सांग. आणि दिसत असतील, तर ते मला इथे बसून कळलं असं समज.

तू न्हाणीत घसरून डोकं आपटलंस त्याला महिना होऊन गेला. आता तुझी डाव्या पायातली चप्पल अंगणातच राहते आणि तू एका चपलेने दुकानापर्यंत पोचतोस. त्यावर तू उपाय काय केलास, तर नवीन चपला आणल्या! तोता, मीही आणल्या होत्या. दोन जोड. धुळ्याला देवपुरातल्या डॉक्टरने डोक्याचा फोटो काढून सांगितलं की ऑपरेशन करा, डोकं भादरावं लागेल. आणि तू एसटीत बसून शिंदखेड्याला घरी परत गेलास. योगराजला काय म्हणालास? “डोकं भादराले घरमा कोन मरनं?” अरे, तू भादरलं नाहीस तर कोण मरेल, याचा विचार केलास का? (कामिनी म्हणते हे वाक्य गाळू या. गाळलंस तर याद राख, म्हटलं.)

माझं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण तुला कळवलं ते सगळं उरकल्यावर. आखाजीला (कामिनी म्हणते ‘अक्षय्य तृतीया’ लिहू या) कडुनिंबाला झोका बांधला होता. आजकालच्या सुना झोक्यावर बसून मोबाईलमध्ये बघतात, म्हणून झोका कसा घ्यायचा ते दाखवायला मी बसले. घेतला चांगला उंच, उतरलेही नीट. पण उतरल्यावर लगेच बाजूला व्हायचं असतं ते विसरले, कारण टाळ्या घ्यायच्या होत्या. फळी मागून आली आणि डोक्यात बसली. दुखलं नाही की रक्त आलं नाही. मी वर दोन सांजोऱ्या खाल्ल्या. मग पावसाळा लागता लागता माझा डावा पाय माझं ऐकेना. चहात मीठ पडू लागलं. कामिनीला मी म्हशीच्या नावाने हाक मारू लागले. (कामिनी म्हणते ते आधीपासून होतं. खोटं आहे.) चंदन म्हणाला, वय झालं. शेजारची भिकुबाई म्हणाली, नजर लागली. तिने मिरच्या ओवाळून जाळल्या. सगळी गल्ली खोकली, माझा पाय तिथेच. शेवटी एका सकाळी हातातून भाकरी गळली आणि मला ती उचलता येईना, तेव्हा चंदनने गाडी काढून जळगावला नेलं.

तिथे मला एका मोठ्या भुंगळ्यात सरकवलं आणि डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर चंदनपेक्षा लहान, पण समजावून सांगितलं छान. कवटीच्या आत, मेंदूच्या वर, थेंब थेंब रक्त साचतं. मेंदू बिचारा सरकत राहतो. मला लगेच पटलं. आपल्याकडे नाही का, दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा हळूहळू सगळी खाट घेतो आणि घरचा माणूस काठावर येतो, तसं ते. उपाय एकच, पाहुण्याला बाहेर काढणं. दोन भोकं पाडली, आतलं धुतलं, बारीक नळी ठेवली, मग तीही काढली. मी हसत आत गेले आणि बाहेर आल्यावर पहिलं विचारलं, म्हैस कोणी पिळली? चंदन रडायला लागला. कारण मी दोन्ही हात वर करून विचारलं होतं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगते. शेजारच्या खाटेवर सातपुड्याकडचा बादल नावाचा पोरगा होता, मोटरसायकलवरून पडलेला. पाड्यावरून दवाखान्यापर्यंत आणायला फार वेळ गेला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण बोलणं गेलं. त्याची आई नानीबाई त्याला रोज लहान लेकरासारखं शिकवायची. एक दिवस तो ‘पाणी’ म्हणाला. त्या बाईने आख्ख्या वॉर्डाला पाणी पाजलं, तोता. माझा तांब्या भरलेला असून मला पुन्हा भरून दिला. त्या माऊलीला रस्ता लांब पडला. तुला देवपूर तासाभरावर आहे आणि तू चपलांच्या दुकानात जातोस.

आता भादरण्याचं. मी घरी आले तर गल्लीला वाटलं, बाई तिरुपतीला जाऊन केस देऊन आली! भिकुबाई पाया पडली आणि प्रसादासाठी हात पुढे केला. पाया पडलेल्या बाईला ‘माझ्या कवटीला भोकं पाडलीत’ असं कसं सांगायचं? कामिनीने बेसनाचे लाडू वळले, मी वाटले. आजही लोक म्हणतात, तिरुपतीचा लाडू झुंबरबाईने आणला तसा कोणी आणला नाही. तू तेवढा भेटायला आलास आणि टक्कल बघून असा रडलास, की जणू मी मेले होते आणि तुला दारही मीच उघडलं होतं.

तुझी,
झुंबरअक्का (कामिनीच्या हातून)

ता. क. आपल्या घरात आता वडीलधारी मीच. मी जिवंत असताना भादरायला तुला कोणाच्या मरणाची नाही, माझ्या परवानगीची गरज आहे. ती दिली. तुझ्या जोडीला मीही पुन्हा भादरून घेईन. या वेळी लाडू तू वाट.

ता. क. दुसरा. मामांना नमस्कार. हे मी, कामिनी, माझ्या मनाने लिहिते आहे. आई हसत आत गेल्या नाहीत. खाटेची दांडी धरून बसल्या होत्या. वेणी मला कापायला लावली, ती अजून त्यांच्या उशाखाली आहे. आत नेताना एकच धोशा चालला होता, ‘तोताले बलाव, तोताले बलाव.’ आणि लगेच, ‘नको, तो घाबरी.’

ता. क. तिसरा. मी गप्प असताना कामिनीचं पेन बराच वेळ चाललं. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, पण ती नाक ओढत होती. ते खरं धर. अक्षर हललं ते रस्त्यामुळे. भुसावळपासून ती मांडीवर वही ठेवून लिहिते आहे आणि चंदन एकही खड्डा चुकवत नाही. हा कागद योगराजच्या हाती आत पाठवते. पत्र संपलं, आता बाहेर बघ. ओट्यासमोर गाडी उभी आहे, मागे मी बसले आहे, खिडकीची जागा तुला ठेवली आहे. उन्हात फार वेळ बसवू नकोस. एकच चप्पल घालून आलास तरी चालेल.